लांब बीप

दोन हजार सहाच्या डिसेंबरात राजदीपनं, म्हणजे माझ्या पोरानं, दारव्ह्याच्या घरी दोन दिवस बसून माझ्यासाठी कॉम्प्युटर जोडला आणि तो सुरूच झाला नाही. बटन दाबलं की पंखा फिरे, पडदा काळाच, आणि आतून लांब लांब बीप. पुण्यात कॉम्प्युटरवरच पोट भरणारा माणूस, पण घरच्या डब्यापुढं हात टेकले. रजा संपली, निघून गेला.

जाताना म्हणाला, "फोनवर सांगत जाईन, आई. एकच छोटी बीप आली की समज, जिंकलो. मग कॅमेऱ्यात रोज दिसेन तुला. मला सारखं यायची गरज नाही पडणार."

सारखं म्हणजे वर्षातून दोनदा. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, तोंडाची फटकळ. पण निघत्या पोराला टोचू नये एवढं कळतं मला.

मग रोज संध्याकाळी सातला फोन. आधी फक्त रविवारी यायचा, "बरी आहेस? जेवलीस?" की ठेवला. आता तासतासभर. ही वायर काढ, ती मेमरीची पट्टी खोडरबरानं घास, परत बसव. मधेच मेसच्या भाजीला शिव्या घाली, साहेबाची नक्कल करी. आठ दिवसांत त्याचं 'मला' जाऊन 'मले' परत आलं. एकदा म्हणाला, "आई, तुले एकटीले करमत नसन ना?"

"कायले नाही करमत? हा डबा ओरडते ना दिवसभर."

खोटं होतं. त्याचे बाबा गेल्यापासून सात वर्षं मी या घरात माझ्याच भांड्यांचा आवाज ऐकत आलेय.

नवव्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून नेमकं उघड्या डब्यात पडलं. काढून ठेवलेली पट्टी जिथं बसते त्या खाचेत पांढरं काहीतरी दिसलं. चष्मा लावला, जुना चिमटा आणला आणि हळूच ओढलं. कापसाचे तंतू निघाले.

पुढच्या खोलीत माझ्या भावाचा, गोविंदाचा, कापूस छताला टेकला होता. खरेदी केंद्रावरची रांग हलत नव्हती, म्हणून त्यानं माझ्याकडे आणून टाकलेला. डबा जोडायच्या आधी राजदीप आंघोळीला गेला तेव्हा आत बसवायची ती खाचांची हिरवी पाटी, त्या पट्ट्या उघड्यावर पाहून मीच त्या ढिगात पुरून ठेवल्या होत्या. दवाखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या आम्ही कापसातच जपायचो. नाजूक वस्तू म्हटली की माझा हात आपोआप कापसाकडे जातो.

पट्टी बसवली, बटन दाबलं. एकच छोटी बीप आली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र भीती वाटली. मी घाईघाईनं बटन बंद केलं आणि भाजी निवडत बसले.

सातला फोन आला.

"काय म्हणते डबा?"

"लांबच ओरडून राह्यला."

"रिसिव्हर धर बरं त्याच्याजवळ. मले ऐकू दे."

डबा लांब ओरडावा म्हणून पट्टी परत काढून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. मला मेलीला धड खोटंही बोलता येत नाही. फोन शेजारीच होता, सबब सांगायला जागा नव्हती. रिसिव्हर धरला, बटन दाबलं.

एक छोटी बीप वाजली.

मी रिसिव्हर कानाला लावला.

"ऐकलं का?" मीच विचारलं.

"ऐकलं." त्यानं घसा खाकरला. "लांबच आहे, आई. उद्या सातले पाहू."

"पाहजो," मी म्हटलं. "मी कुठं जाऊन राह्यली."