दोनदा धरलेला लंबक

मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे. बंदराच्या कचेरीत भिंतीवर लटकून माझे आयुष्य गेले आणि मित्रांनो, खरे सांगू? मला या सगळ्याचा वीट आला आहे.

पहिला राग त्या पृथ्वीचा. स्वतःभोवती गिरकी घ्यायचे एकच काम, तेही बाई रेंगाळत करते. साचता साचता तिला सेकंदभर उशीर झाला, की जगभरच्या घड्याळांना हुकूम सुटतो, ‘थांबा एक सेकंद, तिला येऊ द्या.’ आळस तिचा आणि लंबक धरायचा माझा.

तरुणपणी माझ्या टोलावर बोटी सुटत. कप्तान मला पाहून खिशातली घड्याळे लावत. आता माझ्या चाकाचा एक दात झिजला आहे, आणि माझी देखभाल करणारे काका त्यावर काकूंच्या स्वयंपाकघरातले खवट तेल सोडतात. त्या वासाने मला मळमळते. त्याच तेलावरून नवराबायकोचा अबोला सुरू झाला आणि दोघे माझ्यामार्फत बोलू लागले.

“घड्याळा, सांग यांना, डबा ठेवलाय. आणि तेल विचारून न्यायचं असतं.”

“घड्याळा, तिला सांग, भाजीत तेलाचा पत्ता नाही, ते कळलंय मला.”

अशात तो जादा सेकंद देण्याचा दिवस आला. त्याच दुपारी साहेब मला रेडिओच्या ठोक्याशी ताडून पाहणार होते. सेकंदाचा जरी फरक निघाला तरी मी भंगारात. भंगारवाला आधीच दारात हातगाडी लावून, माझ्याकडे बघत दात कोरत बसला होता. शी.

सकाळी काकांनी कांद्याच्या वासाच्या बोटांनी लंबक सेकंदभर धरला आणि ते जिना उतरले. अबोला होता, सांगणार कोणाला? मागून काकू आल्या. हे विसरले असणार असे समजून त्यांनी कणकेच्या बोटांनी तोच लंबक पुन्हा धरला.

दुपारी साहेबांची पावले जिन्यावर वाजली, तेव्हा काकू ऐटीत म्हणाल्या, “घड्याळा, सांग यांना, सकाळी मी लंबक धरला म्हणून आज अब्रू राहिली.”

काका पांढरेफटक पडले. “अगं, मीही धरला होता.”

बारा दिवसांनी पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलले, पण वेळ कुठे होता? साहेब आत आले, रेडिओ लागला, आणि मी एक सेकंद मागे.

आता हवे तर थाप म्हणा. त्या तेलाची, त्या बोटांची, त्या दात कोरण्याची अशी शिसारी आली, की मी सगळे अंग झटकले. झिजलेला दात सटकला, चाक एक घर पुढे गेले आणि माझा टोल ठोक्यावर नेमका पडला.

“राहू द्या याला,” म्हणत साहेब गेले. हातगाडी रिकामीच गेली.

“विचारायचं तरी,” काकू म्हणाल्या.

“कोणाला, घड्याळाला?”

काकूंना हसू आवरेना. त्यांनी पिशवीतून बाटली काढून स्वतःच काकांच्या हाती दिली. “घ्या. सोडा दोन थेंब त्या दाताला.”

मित्रांनो, घड्याळाला जपा. हात धुऊन या, आणि लंबक धरण्याआधी घरच्या माणसाशी दोन शब्द बोला. आमच्याकडे आता बोलणे पुष्कळ होते. तेल मात्र तेच आहे.