पिंपरीचं क्लिक

ऑफिस उघडल्यावर शिवांजलीनं संगणकावर बसलेली वीजकेंद्राची राख फडक्यानं पुसली आणि आधी इंटरनेटवरच्या जाहिरातीवर काल कुठल्या गावातून किती क्लिक आले ते पाहिलं. पिंपरीवाला कालही येऊन गेला होता. जाहिरात उघडली, फोटो पाहिला आणि नाव-नंबर न लिहिता निघून गेला. गेले काही आठवडे हेच चाललं होतं.

"हे आसारामचंच काम हाय," संगमेश तिच्या मागं उभा राहून म्हणाला. आसाराम म्हणजे स्टेशन रोडवरचा दुसरा प्लॉटवाला. "त्याचा मेव्हणा तिकडंच कंपनीत हाय. आपला खर्च वाढवायला बसवलाय त्याला."

"असंल," शिवांजली म्हणाली. तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

साल २००९. परळीत प्लॉट विकायचे तर भिंती रंगवायच्या आणि रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवायचा, एवढीच रीत होती. शिवांजली लग्नाआधी पुण्यात इंटरनेटवर जाहिराती लावणाऱ्या एका कंपनीत होती. परळीची पोरं कमवायला पुण्याला गेलीत, गावाकडं जागा घ्यायची हौस त्यांनाच आहे आणि आपला भोंगा तिथवर ऐकू जात नाही, हे तिनंच नवऱ्याच्या डोक्यात घातलं होतं. गूगलवर कुणी 'परळी प्लॉट' असं शोधलं की सगळ्यात वर यांच्या दोन ओळी दिसायच्या. नुसत्या दिसल्या तर खर्च नाही, कुणी त्यावर क्लिक केलं की मात्र प्लॉटच्या फोटोचं पान उघडायचं आणि पैसे कापले जायचे. त्या माणसानं पुढं आपला फोन नंबर लिहिला की त्याला म्हणायचं लीड, म्हणजे बोलणी करता येतील असं गिऱ्हाईक. अशा लीडची एक अख्खी बस येत्या रविवारी पुण्याहून धर्मापुरी रस्त्यावरचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेलं शेत, बघायला येणार होती.

जमीन तालुक्याचे पुढारी विजयसिंहदादा यांनी घेतलेली. त्यांच्या शब्दाबाहेर जाणारे थोडे होते. विक्रीचं सगळं काम संगमेशकडं होतं, आणि त्यात भागी घालायला त्यानं वडलांचं किराणा दुकान विकलं होतं.

संगमेश मंडपवाल्याकडं गेला आणि फोन वाजला.

"परळीच्या प्लॉटची जाहिरात तुमचीच का?" बाईचा आवाज होता, जरा बिचकता.

"हो, बोला ना. नाव काय आपलं?"

"गंगासागर. पिंपरीला शाळेच्या ऑफिसात हाय मी. तिथल्या कम्प्युटरवर तुमचा फोटो बघते. रोजच बघते."

शिवांजली सावरून बसली. "रोज कावून बघता, अक्का?"

"ते शेत आमचं हाय. चिंच वळखली मी. वरचं नाव दाबलं की चिंच दिसती, म्हणून दाबते. येक इचारायचं व्हतं. चिंचेच्या बुडाशी काळ्या दगडाचा ओटा व्हता. त्यो फोटोत न्हाई. आडोशाला गेलाय का?"

"कसला ओटा?"

"माझ्या आईची समाधी हाय ती."

शिवांजली स्वतः लिंगायत घरातली. तिच्या माहेरीही मेलेल्या माणसाला शेतातच समाधी देत, वर ओटा बांधत आणि अमावास्येला तिथं दिवा लावत. तिला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. फोटो तिनं स्वतः काढला होता. चिंचेखाली ओटा नव्हता. सपाट केलेली माती होती आणि प्लॉटची खूण म्हणून रोवलेला चुना लावलेला दगड.

"अक्का, शेत कुणाच्या नावावर व्हतं?"

"आईच्या. तिच्या मागं आमी दोघंच, मी अन् बसवेश. मी परजातीत लग्न केलं, तवापास्नं त्यानं दार बंद केलं."

बसवेशनं जमीन विकली तेव्हा तो याच ऑफिसात चहा पीत बसला होता. एक बहीण होती, ती वारली, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. चहा शिवांजलीनंच दिला होता.

"रविवारच्या बसमदी मी येऊ का?" गंगासागर विचारत होती. "जाऊन येऊन फुकट, असं लिवलंय तुमी."

"या, अक्का," शिवांजली म्हणाली.

संगमेश परत आला तेव्हा तिनं त्याला एवढंच विचारलं, "चिंचेखालच्या ओट्याचं काय झालं?"

कोणता ओटा, असं त्यानं विचारलं नाही. तिथंच ती काय ते समजली. तो खुर्ची ओढून बसला.

"जेसीबी आला तवा मी तिथंच व्हतो," तो म्हणाला. "मी म्हणलं हे राहू द्या. दादा म्हणले, कोपऱ्याचा प्लॉट हाय, रस्त्याच्या तोंडाला, त्यालाच भाव. बसवेश म्हणला, काढा."

"अन् तुमी?"

"मी जीपमदी जाऊन बसलो."

"बहीण जिती हाय, हे ठाऊक व्हतं तुमाला?"

"न्हाई." मग तो म्हणाला, "खोदून इचारलं असतं तर कळलं असतं. म्हणून न्हाई इचारलं."

तिनं फोनवरचं सगळं त्याला सांगितलं. त्यानं डोकं धरलं. "तिला फोन लाव. बस भरली म्हण."

"मी या म्हणलेय."

"शिवांजली, आपलं दुकान गेलंय यात. दादा आपल्याला गावात राहू द्यायचे न्हाईत."

ती संगणकाकडं वळली.

शनिवारी दुपारी विजयसिंह स्वतःच ऑफिसात आले. बरोबर त्यांचा माणूस सुग्रीव होता, तो दारातच थांबला. आवाज न चढवता बोलायची दादांची सवय होती.

"वहिनी, तयारी झाली? बसमदी कोण कोण येतंय?"

संगमेशनं मान खाली घातली. म्हणजे दादांच्या कानावर यानंच घातलं, हे तिच्या लक्षात आलं.

"पिंपरीची येक बाई हाय म्हणं," दादा म्हणाले. "तिला न्हाई आणायचं. फोन लावा."

"लावते नंतर."

"आत्ताच लावा. स्पीकरवर."

तिनं नंबर फिरवला. घंटा वाजायला लागली. सुग्रीवनं दार ओढून घेतलं. खाली बाजारात कुणीतरी ट्रकला मागं ये, मागं ये म्हणून ओरडत होतं. संगमेश तिच्याकडं बघत होता. त्या नजरेत विनवणी होती आणि भीतीही होती.

"बोल गं पोरी," पलीकडून आवाज आला. "मी पिशवी भरून ठेवलीय."

"अक्का," शिवांजली म्हणाली, "बसमदी जागा न्हाई असं तुमाला सांगायला लावलंय मला."

दादांनी हात पुढं करून फोन बंद केला.

"सांगायला लावलंय," त्यांनी तिचे शब्द सावकाश परत म्हटले. मग ते उठले. "संगमेश, बायकोला समजाव बे. लेआउट बंद पडला तर माझं काय जायचंय? शेत शेताच्या जागी राहतंय. तुझं बघ तू."

ते गेल्यावर नवराबायकोनं ऑफिस बंद केलं. घरी जाताना तो पुढं चालत होता आणि ती चार पावलं मागं.

रविवारी सकाळी बस आली. गंगासागर तिच्यात नव्हती. माणसं उतरली, मंडपात बसली, त्यांच्या हातात पोह्यांच्या बशा आल्या. पहिल्या रांगेत बसवेश नव्या पांढऱ्या कपड्यात बसला होता, आधीचा जमीनमालक म्हणून दादांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. दादांचं भाषण झालं. रेल्वे, कारखाना, मोठा होणारा रस्ता. मग प्लॉट समजावून सांगायला माईक शिवांजलीकडं आला. तिनं बोलायला सुरुवात केली आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. चिंचेखालच्या कोपऱ्याच्या प्लॉटवर एका नवराबायकोचं मन बसलं होतं. ती दोघं टेबलाशी जाऊन बुकिंगचं विचारत होती.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई खाली उतरली. तपकिरी साडी, हातात कापडी पिशवी. बस नाही म्हटल्यावर ती रेल्वेनं आली होती. बसवेश तिला बघून उभा राहिला, त्याची खुर्ची मागं कलंडली. गंगासागरनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती सरळ चिंचेच्या दिशेनं चालू लागली आणि सुग्रीव तिला आडवा गेला.

"बाई, इकडं कुठं?"

"त्यांना येऊ द्या," शिवांजली म्हणाली. माईक तोंडाशीच होता. तिचे शब्द सगळ्या लेआउटवर घुमले.

मंडपातली माणसं वळली. आता मागं फिरता येणार नव्हतं.

"ह्या गंगासागर अक्का," ती भराभर बोलली. "बसवेश अण्णांच्या सख्ख्या बहीण. ही जमीन त्यांच्या आईची. हिच्यात यांचाबी वाटा हाय अन् व्यवहारात यांची सही न्हाई. त्या चिंचेखाली यांच्या आईची समाधी व्हती. आज कुणी बुकिंग करू नका."

कुणीतरी वायर ओढली. शेवटचा शब्द अर्धाच ऐकू आला, पण समजायचं ते सगळ्यांना समजलं होतं. टेबलाशी उभ्या नवऱ्यानं पाकीट परत खिशात घातलं. बसमधला एक म्हातारा उठून बसवेशपुढं आला.

"खरं हाय का हे?"

"ती घर सोडून गेलती," बसवेश म्हणाला. "आमच्यासाठी मेलीच व्हती ती."

"म्हणजे जिती हाय," म्हातारा म्हणाला आणि बसकडं चालू लागला. त्याच्यामागं एकेक जण उठला.

गंगासागर चिंचेखाली पोचली होती. ती खाली बसली, मातीवर हात फिरवला आणि मान वर करून विचारलं, "दगड कुठं टाकले?"

सुग्रीव दादांकडं बघायला लागला. तेव्हा संगमेश मंडपाच्या खांबापासून पुढं झाला.

"काही रस्त्याच्या भरावात गेले, अक्का. बाकीचे नाल्याच्या कडंला हायत. दाखवतो."

"संगमेश," विजयसिंह म्हणाले, "तिच्यासंगं गेलास तर आपली भागी इथं संपली."

संगमेश थांबला. त्यानं दादांकडं पाहिलं, मग बायकोकडं. सपाट केलेल्या त्या मातीपाशी आल्यावर त्यानं चपला काढल्या, वळसा घालून तो पलीकडं गेला आणि गंगासागरला हात देऊन उठवलं. दोघं नाल्याकडं निघाली.

बस पोह्यांची भांडी तशीच टाकून परत गेली.

पुढचे महिने वाईट गेले. ऑफिसचं कुलूप एका सकाळी तोडलेलं सापडलं, संगणक फुटलेला. भागीचे पैसे बुडाल्यातच जमा होते. संगमेश धान्यबाजारात, मोंढ्यात, एका अडत दुकानावर कामाला लागला. शिवांजली घरातूनच लातूरच्या एका बियाणेवाल्याच्या जाहिराती लावू लागली. गंगासागरनं अंबाजोगाईच्या कोर्टातून प्लॉट विकायला मनाई आणली. निवडणूक जवळ आली तशी दादांनी तडजोडीची भाषा सुरू केली, आणि शेवटी चिंचेसह रस्त्याकडंचा पट्टा तिच्या नावावर झाला. उरलेले प्लॉट दादांनी दुसऱ्याच कुणाकडून विकून घेतले.

ओटा पुन्हा बांधला त्या दिवशी शिवांजली आणि संगमेश गेले होते. सापडले तेवढे जुने दगड खाली बसवले, वर नवे. जंगम स्वामी आले, पूजा झाली. मध्येच शिवांजलीला रस्त्यावर मोटरसायकल उभी दिसली. बसवेश तिच्यावर, एक पाय जमिनीला टेकून बसला होता. गंगासागरनंही पाहिलं. तिनं त्याला बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. हातातलं बेलाचं पान तिनं थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

तो बराच वेळ थांबला. मग गाडी सुरू करून धर्मापुरीच्या बाजूला निघून गेला.

"उतरला असता तर?" संगमेशनं हळूच विचारलं.

"तर काय करायचं, ते अजून मला ठाऊक न्हाई," गंगासागर म्हणाली, आणि पान ओट्यावर ठेवून तिनं दोघांना जेवायला बसा म्हणून सांगितलं.