नावापुढचे आकडे

मी एक जुनी यादी आहे, मित्रांनो, अवघ्या अकरा ओळींची. हसू नका. एका दवाखान्याचा सोमवार मी सांभाळला आहे.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत झाला. तिथे दादा आणि त्यांची धाकटी बहीण बारकी संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. बारकी चांगली तिशीची होती, पण शेंडेफळाचं नाव काही वाढत नाही. डायलिसिसच्या रुग्णांना यंत्रांवर पाळ्या लावून देणारा प्रोग्रॅम त्यांचाच. त्याला इतरांनी लिहिलेले अकरा तयार भाग लागत, आणि त्या भागांची नावं म्हणजे मी. या भागांच्या नव्या आवृत्त्या सतत निघत. त्यांतली कोणती घ्यायची, हे माझ्यात लिहिलेलंच नव्हतं. "ताजं असेल ते घ्यावं," हा दादांचा हट्ट. मीही नुसती नावं मिरवत ऐटीत बसले होते.

एका शनिवारी दुपारी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. "अहो, सोमवारी सकाळी एकाच यंत्रावर दोन माणसं दिसताहेत! पाच वाजता मी सगळ्यांना पाळ्या कळवते. त्याआधी करा बाई काहीतरी."

बारकीने तासाभरात चूक दुरुस्त केली. पण कोपऱ्यातल्या तपासनीस संगणकाने प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या हिरव्या दाखवल्याशिवाय काहीही बाहेर पाठवायचं नाही, असा त्या खोलीचा नियम होता. त्या दिवशी चाळीसपैकी नऊ चाचण्या लाल!

"माझ्या संगणकावर तर चालतंय!" बारकी म्हणाली.

"मग तूच काहीतरी मोडलं असशील," दादा म्हणाले.

बारकीने आपली दुरुस्ती काढून पाहिली. तरी नऊच्या नऊ लाल. म्हणजे चोर वेगळाच होता. तिच्या आणि तपासनीसाच्या संगणकावर कोणत्या आवृत्त्या आहेत, ते तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. तारखा मोजणारा भाग वेगळा निघाला. त्याची नवी आवृत्ती कालच आली होती आणि ती आठवडा रविवारपासून मोजत होती. बारकीकडे सहा महिन्यांपूर्वीची, सोमवारपासून मोजणारी होती. तपासनीस मात्र दर वेळी मला वाचून सगळं नव्याने मागवी. मी नेमकं सांगितलंच नव्हतं, तर त्या बिचाऱ्याचा काय दोष?

साडेचार वाजले होते. बारकीने मला उघडलं आणि प्रत्येक नावापुढे आपल्या संगणकावर नीट चालणाऱ्या आवृत्तीचा आकडा लिहिला. "आता हेच आणायचं, दुसरं नाही," ती पुटपुटली. मग तिने आपली दुरुस्ती परत घातली. चाळीसच्या चाळीस हिरव्या! पाचला दहा कमी असताना दुरुस्ती गेली, आणि दोन्ही माणसांना वेगवेगळी यंत्रं मिळाली. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. माझी तर छाती फुगून आली.

दादांनी चहाचा कप बारकीपुढे ठेवला. "ताजं म्हणजे चांगलंच असं नाही, हे मला धाकटीने शिकवावं!" ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी माफी मी कधी ऐकली नाही.

पुढे दोन वर्षं मला कुणी उघडलंच नाही. सगळं सुरळीत चाललं होतं ना! मग माझ्यातल्या एका भागाच्या जुन्या आवृत्तीत चोरवाट सापडली, नव्या आवृत्तीत ती कधीच बुजवलेली होती, आणि रुग्णांची माहिती बाहेर जायची थोडक्यात वाचली. मला फार लाज वाटली. तेव्हापासून दर महिन्याला मला उघडतात, एक आकडा बदलतात आणि हिरवं झालं की मगच पुढचा. मागच्या वेळी तर दादाच बसले होते, आणि हिरवं होईपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत.

म्हणून सांगते मित्रांनो, नेमकं लिहा, पण लिहून विसरू नका. सोमवारी सकाळी कुणीतरी त्या यंत्रापाशी येणार असतं, आपली पाळी तिथे आहे अशा खात्रीने.