दुसरी पल्स

मेहुण्याला चारचौघांत तोंडघशी पाडायचं, हे त्याने बायको गेली त्याच आठवड्यात ठरवलं होतं. केसापेक्षा कितीतरी पातळ अशी एक चुंबकीय फिल्म तिने बनवली होती. लेसरची एकच पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झोत, पडली की तिथलं चुंबकत्व पापणी लवायच्या आत उलटं होतं, हेही पहिल्यांदा तिनेच पाहिलं. शोधनिबंध छापून आला तो मात्र तिच्या भावाच्या, म्हणजे याच मेहुण्याच्या, एकट्याच्या नावाने. ती तेव्हा अंथरुणाला खिळलेली. भांडायचं त्राणही उरलं नव्हतं.

आज या शोधात पैसे घालू पाहणाऱ्या एका कंपनीची माणसं प्रयोग बघायला आली होती, आणि लेसर तिच्या नवऱ्याच्याच हातात होता.

"भाऊजी, सोडा एक पल्स," मेहुणा म्हणाला. "आता चुंबकत्व उलटेल तिथे पडद्यावर काळा ठिपका उमटेल, बघा."

त्याने मुद्दाम दोन सोडल्या. पहिलीने उलटं केलेलं दुसरीने पुन्हा सुलटं केलं, तेही इतक्या झटपट की पडदा कोराच राहिला.

"परत सोडा."

पुन्हा दोन. पुन्हा कोरा.

"ठिपका लाजतोय वाटतं," कंपनीच्या बाई म्हणाल्या.

मेहुण्याला घाम फुटला. याच्या जिवाला थंडावा मिळाला.

मग मेहुणा हसला. "फिल्ममध्येच खोट आहे. माझ्या बहिणीने बनवलेली. शेवटी शेवटी हात थरथरायचे तिचे. काय करणार?"

खापर तिच्या माथी फुटलं होतं, आणि ते मेहुण्याच्या हातात यानेच दिलं होतं. लेसरची ताकद वाढवून सगळं जाळून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण फिल्म तिच्या हातची होती.

"कोणी बनवली म्हणालात?" त्याने विचारलं.

"ताईने. आता ते कशाला उगाच?"

"धातूंचं प्रमाण, जाडी, सगळं तिचंच?"

"हो हो, सगळं तिचंच. माझं बोटही लागलेलं नाही." मेहुण्याने हात झटकले.

त्याने एकच पल्स सोडली. पडद्यावर काळा, वाटोळा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मग पेपरवर त्यांचं नाव का नाही?"

मेहुण्याचा चेहरा उतरला. "भाऊजी, तुम्ही सांगा ना काहीतरी."

"मी काय सांगणार? मी नुसता लेसर चालवतो." त्याने मेहुण्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा. सावकाश सांगा. कोणाला घाई नाही."