रत्नमालेचे दिवे

ट्यूब

"मयेकर साब, लाश ले जाओ! ताज़ी है!"

भिंतीपलीकडून गुरदीपसिंगाचा हात वर आला. हातात टूथपेस्टची ट्यूब होती. गालाला दाढीचा साबण लावलेला विनायक मयेकर तसाच पुढे झाला.

"अरे, इसमें तो बहुत बाकी है."

"जसबीर भी यही बोलती है. कहती है, मयेकर के जहाज़ के चक्कर में हम बिना मंजन के मर जाएँगे."

चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या त्या दोन भाड्याच्या बिऱ्हाडांमध्ये छातीइतकी भिंत होती. गुरदीपकडे जे जे संपे, ते कचऱ्यात न जाता त्या भिंतीवर येऊन बसे. विनायक ट्यूब कापून उलगडायचा, धुवायचा, बाटलीने लाटायचा. छान मऊ पत्रा मिळायचा.

त्या पत्र्याची आगबोट होत होती.

कशाचं काय

कठडे रिकाम्या रिफिलींचे. खिडक्या टिचबटणांच्या. धुराडं फिल्मच्या डबीचं. होड्या पिस्त्याच्या टरफलांच्या. पिस्ते गुरदीपच्या बायकोच्या, जसबीरच्या माहेरचे.

विकतचं काही नाही, हा विनायकचा हट्ट. खरी रत्नमाला, कोकण किनाऱ्यावरची आगबोट, कधीच भंगारात गेली होती. त्याचे बाबा तिच्या इंजिनखोलीत तेलवाले होते, जन्मभर चिंध्यांनी यंत्रं पुसत जगलेले. आता ते रत्नागिरीला धाकट्याकडे असत. दोन्ही डोळे गेलेले. मे महिन्यात विनायक गेला, तेव्हा ते जेवणाच्या ताटाची कड चाचपत बसले होते.

"काय करताय, बाबा?"

"वरच्या डेकचा कठडा आठवतोय. जिना कुठे सुरू व्हायचा, तेच हाताला सापडत नाही."

म्हणून रत्नमाला. एका मीटरला एक सेंटिमीटर. विनायक सेक्टर सतरामधल्या एका केंद्र सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होता. आजवर त्याने दुसऱ्यांची गोदामं आखली होती.

दिवे

गुरदीपचं ट्रान्झिस्टर दुरुस्तीचं दुकान होतं. अतिरेकी ट्रान्झिस्टरमधून बॉम्ब ठेवायला लागल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं. बंद पडलेल्या रेडिओलाही लोक हात लावत नव्हते, आणि सरदाराच्या हातून तर घेतच नव्हते. तो दुकानात बसून रत्नमालेसाठी बारीक वायरी सोडवायचा.

"पर बत्तियाँ किसके लिए? बाऊजी को तो दिखता नहीं."

"बत्ती के बिना जहाज़ मरा हुआ लगता है, यार."

"उगीच वायरी," विनायकची बायको सरोज स्वयंपाकघरातून म्हणाली. "बाबांना त्याचं काय?"

बाबांना त्याचं काहीच नव्हतं. दिवे विनायकला हवे होते. त्याने खालच्या डेकखाली दोन सेल बसवले, वायरी जिन्यातून वर घेतल्या. कळ दाबली आणि टिचबटणांतून पिवळा उजेड आला. सरोजसुद्धा पदराला हात पुसत उभी राहिली.

खोकं

कचेरीत सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या, विनायकला रत्नागिरीला जाता येईना. गुरदीप भाचीच्या लग्नाला मुंबईला निघाला होता. तो म्हणाला, आगबोट मांडीवर घेऊन जातो. मुंबईला राजाभाऊ, विनायकचा चुलतभाऊ, उतरवून घेणार आणि पुढे रत्नागिरीला पोचवणार.

बिस्किटांच्या खोक्यात रद्दी कोंबून झाली. वर नाव घालायला विनायकने पेन उघडलं.

"नाव कशाला?" सरोज म्हणाली.

"म्हणजे?"

"दिवस कसले आहेत! वाटेत काही झालं तर सरदाराच्या सामानावर तुमचं नाव. सरकारी नोकरी आहे आपली. मी त्यांना वाईट म्हणत नाहीये हं."

"गुरदीप आहे तो, सरोज."

"म्हणूनच. आपलाच आहे, समजून घेईल."

विनायकने पेनाला टोपण लावलं.

सकाळी रिक्षात बसताना गुरदीपने खोकं फिरवून चहूबाजूंनी बघितलं.

"चिट नहीं लगाई?"

"तू साथ में है ना. चिट किसलिए?"

"हाँ," गुरदीप म्हणाला. मग खोकं मांडीवर घेत, "ये भी ठीक है."

परवानगी

दुपारी कचेरीच्या फाटकाशी जसबीर उभी होती. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली.

"भाईसाहब, मनीमाजरा के नाके पे पुलिस ने इन्हें उतार लिया. डिब्बे में से तार निकली. थाने में बिठाया है. आप बस चल के बोल दो, आपका है."

"चलो, भाभी. दो मिनट. साहब को बता के आता हूँ."

हेरंब दामले हे साहेब. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीला पुढे असायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"मयेकर, आपण बदलीची माणसं. आज तोंडी काही बोलायला जाऊ नका. उद्या सकाळी कचेरीच्या कागदावर लिहून देतो, तो घेऊन जा. त्याचंही काम होईल, तुम्हालाही काही लागणार नाही."

"पण रात्रभर तो तिथे..."

"चौकशीच आहे हो. खरा असेल तर सुटेल."

विनायक जिना उतरला. प्रत्येक पायरीवर त्याला वाटत होतं, सरळ फाटकाबाहेर पडावं. फाटकाशी तो थांबला.

"कल सुबह, भाभी. चिट्ठी लेके. पक्का."

"आज नहीं?"

"कल. पक्का."

ती वळली. बसस्टॉपकडे एकटीच चालत गेली.

चिठ्ठी

ठाणेदाराने ती वाचलीच नाही. उघडून शिक्का तेवढा बघितला.

"इतनी सी बात थी? कल बोल देते."

लाश

गुरदीपने खोकं विनायकच्या हाती दिलं नाही. घरापर्यंत स्वतः आणलं आणि भिंतीवर ठेवलं. त्याची पगडी कशीतरी गुंडाळलेली होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली.

"देख लो. पूरा है."

रत्नमाला तळापासून डेकपर्यंत उभी चिरलेली होती. पत्रे सोललेले. वायरी मात्र कुणीतरी नीट गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या.

"गुरदीप, मैं कल ही आ रहा था, पर..."

"साहब से पूछना पड़ता है. मालूम है."

गुरदीपने खोक्याचं झाकण लावलं.

"वो पूछते रहे, ये क्या है. मैं बोलता रहा, जहाज़ है जी. बोले, चंडीगढ़ में जहाज़? मुझे भी हँसी आ गई." त्याने चिंधी बांधलेला हात जरासा उचलला. "ये उस हँसी के हैं."

आणि आत निघून गेला. मुंबईतलं लग्न त्याच्याविना झालं.

भिंत

रत्नागिरीहून धाकट्याचं पत्र आलं. बाबा रोज विचारतात, रत्नमाला निघाली का.

विनायकने सोललेले पत्रे पुन्हा बाटलीने लाटले. सुरी फिरली होती तिथल्या चिरा काही जाईनात. नवे पत्रे हवे होते. घरातली एक ट्यूब संपायला कितीतरी दिवस लागत.

"मी पिळून टाकू का उरलेली?" एकदा सरोजने विचारलं. तो पत्रा लाटत राहिला.

एका सकाळी तो अंगणात दाढी करत होता. पलीकडे दार वाजलं. जसबीर बाहेर आली, हातात टूथपेस्टची ट्यूब. विनायक नकळत भिंतीपाशी सरकला. गालाला साबण तसाच, हात अर्धा वर.

जसबीर भिंतीजवळून सरळ पुढे गेली. ट्यूब तळापासून मानेपर्यंत घट्ट गुंडाळत आणलेली होती. कुठल्याही घरात आणतात तशी, शेवटच्या कणापर्यंत वापरलेली. तिने फाटकाजवळच्या पिंपाचं झाकण उचललं, ट्यूब आत टाकली आणि झाकण लावलं.

गालावरचा साबण वाळून ताणू लागला, तेव्हा विनायकने हात खाली घेतला.