गंज न धरणारं मडगार्ड

कार्तिकातलं ऊन हिरण्यकेशीच्या पाण्यावर उतरतं ते पाऊल न वाजवता. निवळ ऊन, कोवळं ऊन, तुपाळ ऊन. काठाकाठाने पिकलेला घनसाळ ओणवतो, मंद वारा त्याच्या लोंब्यांतून चालत जातो, आणि अख्खं आजरा गाव भाताच्या वासाने भरून जातं. अशा सुवर्णगंधी, अर्धनिद्रित सकाळी माणसाला कामाचं म्हणून मन होत नाही.

मीरासाहेब शिकलगारांना मात्र या दिवसांत झोपच लागत नसे. गावाबाहेर, आंबोलीच्या रस्त्याला त्यांची शेड. जुन्या गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून त्यांना पुन्हा रूप देणारा हा माणूस. श्वेतश्मश्रू, मितभाषी, बायको तरुणपणीच गेलेली. दर कार्तिकात घाट चढून एक गाडी त्यांच्या दारी येई, आणि ती यायच्या आधीचे आठ दिवस ते शेडपुढचं अंगण तीनतीनदा झाडत. अंगणाला एवढा जीव लावणारा मिस्त्री कुणी पाहिलाय का? गाव हसायचं. हसेना का.

गाडी वेंगुर्ल्याची. आकाशनिळी, वाटोळ्या अंगाची मॉरिस मायनर. कालिंदीबाई केळुसकरांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली आणि आता बाईंकडे आलेली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, घाटात स्वतः गाडी हाकणाऱ्या. त्यांच्या माडांपलीकडे लगेच समुद्र, निळा, नित्यजागर, लवणश्वासी समुद्र, आणि त्याचा तो खारा वारा पत्रा खातो. पावसाळा सरला की मॉरिसच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांवर तांबूस नक्षी उमटलेली असे.

ती नक्षी कापून काढायची, नवा पत्रा जोडायचा, हातोडीने त्याला जुनी गोलाई शिकवायची, हे तीन दिवसांचं काम. ते तीन दिवस बाई गावातल्या मैत्रिणीकडे उतरत आणि दिवसभर शेडमधल्या बाकावर पुस्तक वाचत बसत. येताना सुके बांगडे नि आमसुलं आणत, जाताना घनसाळ तांदळाचं गाठोडं नेत. बोलणं बेताचंच. ठोक्यांच्या तालात पानं उलटत, पानांच्या तालात ठोके पडत. वर्षातले ते तीन दिवस मीरासाहेबांना उरलेल्या तीनशे बासष्ट दिवसांना पुरत. बावीस वर्षं पुरले.

यंदा गाडी आली ती मागच्या सीटवर दोन पाहुणे घेऊन. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, शंखशुभ्र, एका हाताने उचलावीत इतकी हलकी दोन मडगार्डं. फायबरची. बाईंच्या भाच्याने दूरच्या कुठल्याशा कारखान्यातून मागवलेली.

"याला गंज म्हणून धरत नाही, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "भाचा म्हणतो, मी मरेपर्यंत आता बघायला नको."

मीरासाहेब म्हणाले, "बरं झालं की." मनात मात्र हिशेब सुरू झाला. गंज नाही तर घाट नाही. घाट नाही तर बाक रिकामा. हातोडी नको, जोड नको. जुने बोल्ट सोडायचे, नवे आवळायचे, अर्ध्या दिवसात गाडी मोकळी. म्हणजे आपल्याच हाताने, एकेक बोल्ट आवळत, बाईंचं येणं बंद करायचं. असलं काम वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

तरी त्यांनी पाना उचलला. उचलणार नाही तर काय करतील बिचारे? जुनी मडगार्डं उतरली. बावीस कार्तिकांचे ठोके अंगावर वागवणारा तो पत्रा त्यांनी हळूच भिंतीशी टेकवला. त्यावरून एकदा तळवा फिरवला, बाईंचं लक्ष नाही असं पाहून.

डावं मडगार्ड निमूट बसलं. उजव्याचं आणि दाराचं जमेना. वर फट केसाएवढी, खाली करंगळी जाईल एवढी. पत्रा असता तर काय करायचं हे बोटांना पाठ होतं. बोल्ट आवळायचा, आणखी अर्धा फेरा द्यायचा. पत्रा कुरकुरतो, रुसतो, मग ओढीत येतो. मीरासाहेबांचं मन तेव्हा जाग्यावर नव्हतंच. ते घाटाच्या धूम्रनील वळणांवर एका उतरत्या गाडीमागे चाललं होतं. हात तेवढे चाळीस वर्षांच्या सवयीने फिरत राहिले. अर्धा फेरा. आणखी अर्धा.

चट्ट.

बोल्टाभोवती, त्या निष्कलंक पांढऱ्या अंगावर, चांदणीसारखी चीर फुटली.

फायबर ओढीत येत नाही. जास्त आवळलं की तुटतं. त्याच्याखाली रबर घालावं, भोक जरा ऐसपैस करावं, बोल्ट हलक्या हाताने धरावा, हे पत्रेवाल्याला कोण सांगणार? मीरासाहेबांचे कान तापले. आजवर त्यांच्या हाताने गिऱ्हाइकाची वस्तू मोडली नव्हती. आणि त्या लाजेच्या तळाशी, खोल खोल, एक चोरटा आनंद हलला: आता दुसरं मागवावं लागेल, बाईंना परत यावं लागेल. मोडल्याच्या लाजेपेक्षा त्यांना त्या आनंदाची लाज फार वाटली.

"माझ्या हातनं मोडलं, बाई. पत्र्यागत आवळलं. ध्यान नव्हतं माझं."

बाईंनी पुस्तक मिटलं. आधी चीर पाहिली, मग बराच वेळ मीरासाहेबांकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. डिकीतून भाच्याने मडगार्डांसोबत दिलेला डबा काढला. आत फायबर सांधायचं चिकट रेझिन, काचतंतूंचं कापड, ब्रश. वेंगुर्ल्याच्या होड्या आता फायबरच्याच, आणि भावाच्या होड्यांना ठिगळं लागताना बाईंनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. मडगार्ड उतरवून उलटं केलं. मीरासाहेबांनी ते दोन्ही हातांनी धरलं, बाईंनी चिरेच्या पाठीवर कापड अंथरलं आणि त्यावर मधाळ रंगाचं रेझिन थरावर थर देत फिरवलं. लिहिण्याच्या वळणाचा हात, सावकाश, रेषेत. शेडमध्ये ब्रशाखेरीज कसलाच आवाज नव्हता.

"मिस्त्री," मान वर न करता त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांची घरची बोली आली, "वेंगुर्ल्यात पत्रे ठोकणारे काय नाय आसत? चार आसत. एक तर आमच्या दारासमोरच."

बावीस वर्षं. बावीस वर्षं ही बाई दारासमोरचा पत्रेवाला ओलांडून, धुकं ओलांडून, दरडी ओलांडून, सगळा घाट चढून येत होती. मीरासाहेबांनी मडगार्ड बाईंच्या ब्रशाकडे जरासं कलतं केलं.

मडगार्ड सावलीत सुलटं ठेवलं. रेझिन धरू लागलं की आपणहून तापतं, हे मीरासाहेबांना ठाऊक नव्हतं. बाईंनी त्यांचं मनगट धरून तळवा त्या चिरेवर ठेवला, "बघा," म्हणाल्या, आणि शेजारी स्वतःचा ठेवला. पांढऱ्या, मुक्या कायेतून आधी कोमट, मग उबदार, मग आणखी उबदार असं काही वर येऊ लागलं. भातावरून वारा आला, गेला. ऊब चढत गेली, ऊन कलत गेलं, आणि दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.