समोरचं दार

तिने व्हिडिओ थांबवला आणि पडद्यावर शेजारच्या खिडकीत आठवड्यापूर्वीचं मूळ चित्रीकरण उघडलं. दोन्ही चित्रांत तीच अरुंद गल्ली, टोकाला तीच पाण्याची टाकी. टाकीकडे तोंड केलं की डाव्या हाताला एक दार, उजव्या हाताला एक. दोन्ही दारं एका साच्यातून काढल्यासारखी होती. तीन पायऱ्या, लोखंडी कठडा, वर पत्रा. मूळ चित्रीकरणात दादाचा हात डावीकडच्या दाराकडे होता. आज सकाळी जमलेली माणसं उजवीकडच्या दारासमोर उभी होती.



सकाळचा व्हिडिओ एका स्वयंसेवकाने मोठ्या अभिमानाने पाठवला होता. दहा-बारा जण, त्यातला एक कठड्यावर काठी बडवत होता. दार उघडून एक म्हातारा बाहेर आला. अंगात उसवलेला स्वेटर, चष्मा कपाळावर सरकवलेला. "कोण हवंय तुम्हाला?" त्याने तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायच्या आत त्याच्या खिडकीची काच खळकन फुटली. व्हिडिओखाली स्वयंसेवकाने लिहिलं होतं, बाई आत लपून बसली, म्हाताऱ्याला पुढे केलं. उद्या सकाळी दुप्पट जण येतोय.

त्याखाली अडीचशे अंगठे होते.

दादाला बाहेर सगळे कोच म्हणत. आधी तो एका व्यायामशाळेत शिकवायचा, मग मोबाइलसमोर उभा राहून शिकवायला लागला, आणि 'गोळी सोडा, चालायला लागा' या त्याच्या चाळीस दिवसांच्या कार्यक्रमाने मोठ्या ॲपवर त्याला तीन लाख लोक मिळवून दिले. दहा महिन्यांपूर्वी त्याच ॲपने त्याला कायमचं काढून टाकलं. औषधाच्या दुकानातल्या एका बाईंनी तक्रार केली होती. हा कार्यक्रम बघून मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेलं त्यांचं एक गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरच कोसळलं होतं. तक्रार बारा पानांची होती आणि तारीखवार होती.

दादा लहान ॲपवर गेला. तिथे कोणी हटकत नसे, पण तिथे कोणी फिरकतही नसे. माणसं मोठ्या ॲपवरूनच ओढून आणावी लागत, आणि ते काम तिचं होतं. लाइव्हमधले चाळीस-पन्नास सेकंदांचे तुकडे ती कापायची आणि 'धुवायची'. धुणं हा त्यांचा घरातला शब्द. चित्र आरशातल्यासारखं उलटवायचं, आवाज थोडा चढवायचा, दादाचा चेहरा हनुवटीखाली कापायचा किंवा अजिबात ठेवायचा नाही, म्हणजे मोठ्या ॲपच्या यंत्राला ओळख पटत नाही. उलटी अक्षरं चुगली करतात म्हणून पाट्या, घरांचे नंबर, शर्टावरचे छाप सगळं पुसट करायचं. मग नव्वद स्वयंसेवक आपापल्या खात्यांवरून ती क्लिप टाकत आणि शेवटी पांढरी अक्षरं येत, पुढचं तिकडे बघा. पहिल्या आठवड्यात लहान ॲपवर चारशे लोक होते. आता ऐंशी हजार होते. काढून टाकलं की माणूस विसरला जातो असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी तिचा हात पाहिला नव्हता. या गोष्टीचा तिला अभिमान होता. आज दुपारपर्यंत होता.

तक्रार करणाऱ्या बाईंचं दार दादाने दाखवलं ती गल्लीची क्लिपही तिने सवयीने धुतली होती. एक बटण दाबलं की सगळं आपोआप व्हायचं.

दादा मागच्या खोलीत लाइव्हचा निळा शर्ट इस्त्री करत होता. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. त्यामुळे तिथे कोणीही बोललं की कानाशी बोलल्यासारखं वाटायचं.

"दादा, ते चुकीच्या दाराशी गेले."

"कोण?"

"सकाळचे. मी क्लिप उलटवली ना. तुझा हात होता डावीकडे, क्लिपमध्ये गेला उजवीकडे. नंबर मी पुसट केले होते. औषधवाल्या बाई समोर राहतात."

इस्त्री थांबली. "दहा महिने उलटवतेयस. आजवर काही झालं नाही."

"आजवर तू कुणाचं दार दाखवलं नव्हतंस."

त्याने इस्त्री उभी केली आणि तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिने त्याची सायकल पाडली होती तेव्हा पाहिलं होतं तसं. रागापेक्षा हिशेब जास्त.

"दार मीच दाखवलं. नुसतं दाखवलं. काचा फोडा म्हटलं नव्हतं."

"मग आज तेच सांग. सहाला लाइव्ह आहे. कुणाच्याही दारात जायचं नाही म्हण. चूक झाली म्हण. दोन वाक्यं आहेत, दादा."

तो हसला. "ठमे, मला काढलं तेव्हा तीन लाख होते माझ्याकडे. तिकडून इकडे पहिल्यांदा आले किती?"

"चारशे."

"ते चारशे का आले? मी एकदाही 'चुकलो' म्हटलं नाही म्हणून. ज्या दिवशी म्हणेन, त्या दिवशी ते विचारतील, दाराचं चुकलं, मग गोळ्यांचं काय?"

"उद्या पुन्हा जाणारेत ते. दुप्पट."

"जाऊ देत." त्याने शर्टाची दुसरी बाही पसरली. "बाईंचं राहू दे सध्या. म्हातारा तर म्हातारा. काका आहे म्हणू त्यांचा. तक्रार त्यानेच लिहून दिली म्हणू. नाहीतरी बारा पानं मला बाईच्या हातची वाटतच नव्हती."

"तो त्यांचा कोणीच नाहीये."

"नसेल," दादा म्हणाला आणि कॉलर उलटवून इस्त्री फिरवली. "सहाला होईल."

दारात वहिनी उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिच्या हातात औषधांच्या पट्ट्या होत्या आणि सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी.

"रविवार आहे. बाबांची डबी भरायची राहिलीय."

"टेबलावर ठेव. लाइव्हच्या आधी भरतो, इथे उजेड चांगला आहे."

ही डबी दर रविवारी दादाच भरायचा. बाबांना साखर होती, रक्तदाब होता, आणि गोळ्यांच्या बाबतीत दादाचा घरात कुणावरही भरवसा नव्हता. तिने एकदाच, सुरुवातीला, चेष्टेत विचारलं होतं, "काय कोच, बाबांना नाही का चालायला लावायचं?" तेव्हा तो हसला नव्हता. "बाबांची केस वेगळी आहे," एवढंच म्हणाला होता. पुन्हा तिने विचारलं नाही. या घराचं भाडं त्या ऐंशी हजार लोकांवर चालत होतं, तिचा पगारही.

ती आपल्या टेबलाशी परत आली. टेबल बोळात होतं, मागच्या खोलीच्या काचेला लागून. समोर मूळ चित्रीकरण तसंच उघडं होतं. उजवीकडच्या दारावर तिनेच पुसट केलेली पाटी इथे स्वच्छ वाचता येत होती. मोटार ड्रायव्हिंग क्लास, आणि खाली फोन नंबर. तिने तो दोनदा चुकीचा दाबला, तिसऱ्यांदा लागला.

"क्लास बंद केलाय मी," पलीकडून आवाज आला. "दोन वर्षं झाली. पाटी काढायची राहिलीय."

"क्लाससाठी नाही. आज सकाळी तुमच्याकडे जे आले होते..."

"पोलिसांकडून का? लिहून घेऊन गेले की तुमचे लोक."

"नाही, पोलीस नाही." तिने आवाज खाली आणला. "आजोबा, ते चुकून आले तुमच्याकडे."

"ते कळलं हो मला. औषधवाली बाई कुठंय, बाहेर काढा, असं बोंबलत होते. त्या समोर राहतात. पडद्याआडून बघत होत्या बिचाऱ्या. लहान मुलगी आहे त्यांना."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"काय सांगायचं? माझी नको, समोरची काच फोडा?" तो खोकला, की हसला, तिला कळेना. "तीस वर्षं लोकांना डावं-उजवं शिकवलं मी, बाई. कुठे वळायचं नाही एवढं कळतं अजून."

तिने पडद्यावर त्याची खिडकी शोधली. तिथे काच अजून शाबूत होती.

"काचवाला मंगळवारी येतो म्हणालाय. तोवर पुठ्ठा लावलाय," तो म्हणाला. "उद्या परत येणार म्हणून सांगून गेलेत. बहिणीकडे जा म्हणतात सगळे. तिच्याकडे तीन जिने चढायचे, आणि माझे गुडघे हे असे. बघू. तुम्ही कोण म्हणालात?"

तिने फोन ठेवला.

पावणेसहाला दादा इस्त्रीचा शर्ट घालून दिव्यांखाली येऊन बसला. त्याचं एक ठरलेलं होतं. कमेंट वाचायचा टॅब्लेट टेबलावर पालथा पडलेला असायचा. ती काचेपलीकडून "तीन, दोन, एक" म्हणायची, मगच तो टॅब्लेट सरळ करायचा, नाहीतर आधीपासून वाचत बसतो आणि बोलायचं विसरतो, असं त्याचंच म्हणणं. कॅमेऱ्याचा लाल दिवा त्याच्या चष्म्यात चमकायचा म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. सुरू कधी झालं, हे त्याला फक्त तिच्या तोंडून कळायचं.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"थांबलेले चौदा हजार."

"रविवारच्या मानाने बरे आहेत. म्हाताऱ्याचा फोटो तयार ठेव. सकाळच्या व्हिडिओतला काढ, चेहरा दिसेल असा."

"काढते."

त्याने डबी पुढे ओढली, सातही कप्प्यांची झाकणं उघडली आणि पट्ट्या पत्त्यांसारख्या समोर मांडल्या. तिने सवयीप्रमाणे आवाज तपासला, उजेड तपासला. चौकट तपासताना तिला टेबलाची कड दिसली. चौकट तिने थोडी खाली घेतली. डबी पूर्ण आत आली, पट्ट्याही आल्या. पडद्यावर औषधांची नावं सरळ, ठसठशीत वाचता येत होती. पुसट करायचं बटण तिच्या करंगळीखाली होतं. तिने करंगळी उचलली.

म्हाताऱ्याचा फोटो तिने काढून ठेवला होता. कपाळावरचा चष्मा, विचारण्यासाठी उघडलेलं तोंड. तो तिने बंद केला.

मग तिने सुरू करायचं बटण दाबलं, आणि तीन, दोन, एक म्हटलं नाही.

आत दादा गोळ्या मोजून कप्प्यांत टाकत होता. एक कप्पा त्याने उजेडात धरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा!" त्याने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने. "बुधवारची पांढरी तशीच आहे की!"

"अरे, बुधवारी मी लांबवर चालून आलो होतो ना!" बाबांचा आवाज आला.

"चालण्याने काय होतंय? चालणं वेगळं, गोळी वेगळी. एक दिवसही चुकवायची नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"बरं बाबा, बरं."

"बरं नाही. आत्ता घ्या. मी बघणार आहे."

तिच्या पडद्यावर चौदाचे एकोणीस हजार झाले. पहिली कमेंट आली, आज लवकर कसे, कोच? दुसरी आली, या कसल्या गोळ्या? मग कोणीतरी पट्टीवरचं नाव वाचून तसंच्या तसं लिहिलं. त्याखाली कोणीतरी लिहिलं, माझ्या आईची हीच होती. त्यानंतर ओळी इतक्या भराभर वर सरकायला लागल्या की एकही पूर्ण वाचता येईना.

"आवाज नीट आहे ना?" दादाने डोकं वर न करता विचारलं.

"स्पष्ट आहे."

तो गुरुवारवर आला. प्रत्येक गोळी टाकताना ओठ हलवून तो वार म्हणत होता, लहानपणी तिला पाढे म्हणायला लावायचा तसे.

"अजून किती वेळ?"

तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. सत्तावीस हजार झाले होते.

"आहे अजून, दादा," ती म्हणाली. "सावकाश भर."